बासष्ट वर्षांचा पुरुष, मुक्काम मोशी

डॉक्टर दौलतराव बोऱ्हाडे यांच्या पोटात काय आहे, हे सगळ्यांत आधी चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जमलेल्या एकशे चाळीस कामगारांनी पाहिलं. खुद्द डॉक्टरांनी ते त्यानंतर साधारण चार सेकंदांनी पाहिलं.

दौलतराव पिंपरीतल्या एका मेडिकल कॉलेजात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते. लोक त्यांना नसांचे डॉक्टर म्हणत आणि ते गेली तीस वर्षं ‘नसा नव्हे, रक्तवाहिन्या’ अशी दुरुस्ती करत आले होते. मोशीत त्यांचा जन्म झाला. तिथं वडिलांच्या कांद्याच्या वावरात आता बारा मजली सोसायटी उभी आहे. त्या मोशीत ही दुरुस्ती कुणीही मनावर घेतली नव्हती.

विभाग त्या दिवशी चाकणला आला होता तो संशोधनासाठी. पन्नाशी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या दोन हजार पुरुषांच्या पोटातली महाधमनी सोनोग्राफीने मोजायची, असा प्रकल्प होता. महाधमनी म्हणजे हृदयातून निघून पोटात उतरणारी मुख्य वाहिनी. धूर ओढणाऱ्यांची ती उतारवयात कधी कधी सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी एका जागी फुगते. दुखत नाही, खुपत नाही. फुटते तेव्हाच कळते, आणि तोवर कळून घ्यायला बहुतेक वेळा माणूस उरलेला नसतो. प्रकल्प डॉ. कुलदीप जगदाळे या तरुण प्राध्यापकाचा होता. तो वाकडला चौदाव्या मजल्यावर राहायचा आणि शक्य तेवढं टक्केवारीत बोलायचा. दोन हजारांपैकी तीनशे अकरा पोटं मोजून झाली होती.

तीनशे बारावं मात्र पुढे येईना. रिपोर्ट एचआरकडे जाणार आणि काही निघालं की कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही, अशी बातमी सकाळच्या शिफ्टने दुपारच्या शिफ्टला पोचवली होती. एकशे चाळीस माणसं भिंतीला टेकून उभी होती आणि मधल्या टेबलावर चादर घालून केलेल्या कॉटकडे परक्याच्या तेराव्याला आल्यासारखी बघत होती.

“या, या,” दौलतराव म्हणाले. “सुई नाही, काही नाही. पाच मिनिटांचं काम.”

“ओ सर,” प्रेस शॉपमधला नवनाथ मागून म्हणाला. परभणीकडून येऊन त्याला वीस वर्षं झाली होती, पण आवाज अजून शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा होता. “आधी तुमीच झोपा की. आमी बघतो कसं काय हाय ते.”

कॅन्टीन हसलं. दौलतरावांना हसणारी सभा आवडायची. त्यांनी अ‍ॅप्रन काढला, शर्ट वर केला आणि ते राजेशाही थाटात टेबलावर आडवे झाले.

सोनोग्राफीचा प्रोब डॉ. इंद्रायणी काकडेंच्या हातात होता. त्या विभागातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या सर्जन. गेली चौदा वर्षं त्या दौलतरावांच्या समोर, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभ्या राहत आल्या होत्या. मशीनचं चित्र कॅन्टीनच्या टीव्हीला जोडलं होतं. कुलदीप पट्टी घेऊन समजावू लागला.

“ही बघा महाधमनी. नॉर्मल माणसाची दोन सेंटिमीटर असते. तीनच्या वर गेली की आम्ही त्याला फुगा म्हणतो. साडेपाचच्या वर गेली की ऑपरेशन. आता सरांची जी आहे ती आपल्याला...”

तो थांबला. इंद्रायणींचा हातही थांबला. टीव्हीवर, जिथं करंगळीएवढी काळी वाट दिसायला हवी होती तिथं, एक मोठं काळं वाटोळं संथपणे धडधडत होतं. मशीनने आपलं काम केलं. त्याने आकडा लिहिला.

“सहा पॉइंट चार,” नवनाथने मोठ्याने वाचलं. “सर, हे चांगलं का वाईट?”

दौलतरावांनी मान उचलून टीव्हीकडे पाहिलं.

“कॅलिब्रेशन बघ,” ते म्हणाले.

इंद्रायणींनी पुन्हा मोजलं. सहा पॉइंट पाच आलं. तिसऱ्यांदा मोजायला कुणी सांगितलं नाही. दौलतरावांनी पोटावरची जेल स्वतःच पुसली, शर्टाची बटणं लावली आणि एक बटण चुकलं. कुलदीपच्या हातातली पट्टी अजून हवेतच होती. तेवढ्यात नवनाथ, आता आपलीच पाळी असं समजून, कॉटवर चढून झोपलासुद्धा. त्याची महाधमनी एक पॉइंट नऊ निघाली.

“म्हंजे मी पास?”

“पास,” इंद्रायणी म्हणाल्या.

“आन् सर?”

इंद्रायणींनी दौलतरावांच्या गाडीची किल्ली मागून घेतली.

परत येताना गाडी इंद्रायणींनी चालवली. चाकण ते मोशी हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजावं, की साडेसहा सेंटिमीटरचा फुगा घेऊन त्यावरून जाणाऱ्या माणसाला प्रत्येक खड्डा स्वतंत्रपणे कळतो. कंटेनरच्या रांगेत गाडी वीस मिनिटं उभी राहिली, तेव्हा दौलतरावांना पहिल्यांदाच त्या ट्रॅफिकबद्दल कृतज्ञता वाटली.

“वर्षभरात फुटायची शक्यता दहा ते वीस टक्के,” ते समोर बघत म्हणाले. परीक्षेत हा प्रश्न ते दरवर्षी विचारायचे. “बरोबर?”

“बरोबर, सर.”

“गुड,” ते म्हणाले.

घरी बायकोने, विमलबाईंनी, सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. हातात निवडायला घेतलेली मेथी होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही.

“दुखत हुतं का?”

“न्हाई.” कॉलेजात दौलतराव पुस्तकी मराठी बोलत, घाबरले की मोशीवर येत.

“मग कसं कळलं?”

“मशीनवर.”

“तीस वर्षं ते मशीन घिऊन गावभर हिंडताय. एकदा सोताला लावता आलं न्हाई?”

“तसं कुणी लावत न्हाई गं.”

“आन् त्या तपासणीच्या फॉर्मात काय लिवलं? सिगारेट सोडली?”

“दोन हजार अकराला.”

“गच्चीत टाकीच्या मागं रोज तीन थोटकं सापडत्यात. ती काय दोन हजार अकराची हायत?”

विमलबाई मेथी घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि ते उचलल्याचा आवाज काही आला नाही.

सीटी स्कॅन बुधवारी झाला. गुरुवारी, नेहमीप्रमाणे, विभागाची मीटिंग होती.

गुरुवारच्या मीटिंगची एक रीत होती आणि ती दौलतरावांनीच घालून दिली होती. पेशंटचं नाव घ्यायचं नाही. वय सांगायचं, लिंग सांगायचं, आजार सांगायचा. नाव घेतलं की मन हळवं होतं आणि हळव्या मनाने कापाकापीचे निर्णय नीट होत नाहीत, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे त्या दिवशी कुलदीप उभा राहिला आणि रीतीला धरून म्हणाला, “बासष्ट वर्षांचा पुरुष. राहणार मोशी. धूम्रपान...” इथं तो अडखळला. “चालू.”

विमलबाईंचा फोन त्याच्यापर्यंत पोचला होता.

पडद्यावर स्कॅन आला. सात-आठ डॉक्टर आणि दोन संशोधक विद्यार्थी आपापल्या वह्यांकडे बघत होते. दौलतराव पुढच्या खुर्चीत होते. काल रात्री ते झोपले नव्हते, पण समोर स्कॅन आला आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. तीस वर्षांची सवय होती. फुगा किडन्यांच्या रक्तवाहिन्यांना जवळजवळ चिकटूनच सुरू होत होता. मांडीतून जाळी सरकवून भागेल अशी जागाच नव्हती. पोट उघडायचं, किडन्यांच्या वर महाधमनीला चिमटा लावून रक्त थांबवायचं, कृत्रिम नळी शिवायची आणि किडन्या मरायच्या आत चिमटा काढायचा. अशा केसेस वर्षाला दोन-तीन येत.

“कठीण आहे,” दौलतराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. “फारच सुंदर केस आहे. वर्कशॉपला ठेवा.”

कुणी काही लिहून घेतलं नाही.

दौलतरावांनी मागे वळून पाहिलं. आपण काय बोललो, हे त्यांना समोरच्यांच्या चेहऱ्यांवर वाचावं लागलं. एक विद्यार्थिनी रडण्याच्या बेतात होती. मग ते स्वतःच हसले, पण एकटेच.

“सवय,” ते म्हणाले.

वर्कशॉप म्हणजे विभागाचा वार्षिक उत्सव. दर डिसेंबरात देशभरातून दोनशे सर्जन यायचे, खाली हॉलमध्ये बसायचे, आणि वर ऑपरेशन थिएटरमध्ये दौलतराव एक अवघड केस करायचे, कॅमेऱ्यासमोर. हॉलमधून प्रश्न यायचे, दौलतराव उत्तरं द्यायचे. त्यांची उत्तरं गाजलेली होती. यंदाचं वर्कशॉप बावीस तारखेला होतं. स्वागताचे फलक लागले होते, नळ्या बनवणाऱ्या कंपनीने जेवणाचा मेनूही पाठवला होता.

“तसं बघितलं तर, सर,” कुलदीप जपून म्हणाला, “आयडिया वाईट नाही. विभागप्रमुख स्वतः पेशंट. अवेअरनेसच्या दृष्टीने इम्पॅक्ट फार मोठा आहे. इंद्रायणी मॅडम करतील. तुमची संमती असेल तर. आणि आपल्या छापलेल्या पेपरात या ऑपरेशनचा मृत्युदर एक पॉइंट दोन टक्के आहे. शहाऐंशी केसेस, एक मृत्यू.”

“नको,” इंद्रायणी म्हणाल्या.

“का? हॉलची भीती वाटते?” दौलतराव म्हणाले. इंद्रायणींचा हात संथ आहे, असं ते त्यांच्या वार्षिक अहवालात न चुकता लिहीत.

“सर, तुम्ही त्या शहाऐंशीत बसत नाही.”

“म्हणजे?”

“तो पेपर वर्कशॉपच्या केसेस वगळून केलाय. शैक्षणिक प्रात्यक्षिकं, म्हणून वेगळ्या ठेवल्यात. तुम्हीच सांगितलं होतं.”

हे खरं होतं. प्रात्यक्षिकात गोष्टी जरा वेगळ्या होतात, त्यांची तुलना रोजच्या कामाशी करू नये, असं दौलतराव पहिल्या वर्षी म्हणाले होते. दुसऱ्या वर्षापासून ते म्हणावंही लागलं नाही.

“बरं. किती आहेत त्या?”

“आठ. आठ वर्षांच्या आठ.”

“आणि?”

इंद्रायणींनी कुणाकडेही पाहिलं नाही. “चार गेले, सर.”

दौलतरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, तिने चुकीचं मोजलं.

“शक्यच नाही. माझ्या टेबलावर एकही गेला नाही.”

“टेबलावर नाही. नवव्या दिवशी, बाराव्या दिवशी, एक तर सव्वा महिन्याने. किडन्या गेल्या, डायलिसिस लागलं, आपण त्यांना किडनीच्या वॉर्डात हलवलं. मृत्यू त्या विभागाच्या रजिस्टरात आहे.”

“हे तू आज सांगतेस?”

“तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. याच खोलीत. तुम्ही म्हणालात, संख्या फार लहान आहे, निष्कर्ष काढता येणार नाही. तेव्हा दोन होते.”

कुलदीपने नकळत लॅपटॉप उघडला होता. त्याची बोटं चालली आणि थांबली. “सगळे धरले तर चौऱ्याण्णवात पाच,” तो पुटपुटला. “पाच पॉइंट तीन.” मग, संशोधकच तो, त्याला राहवलं नाही. “नुसते वर्कशॉपचे धरले तर पन्नास टक्के.”

दौलतरावांचा हात आपोआप पोटावर गेला.

मीटिंग कशी संपली ते कुणालाच नीट आठवत नाही. अर्ध्या तासाने दौलतराव आपल्या केबिनमध्ये बसले होते, समोर इंद्रायणी, आणि टेबलावर भूलतज्ज्ञांचे आठ कागद. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशनभर दर पाच मिनिटांनी नोंद करत असतात. त्यांचं हे काम सर्जन लोक फारसं वाचत नाहीत. त्यात चिमटा कधी लावला आणि कधी काढला, हे घड्याळ बघून लिहिलेलं असतं.

“किडनीला रक्ताशिवाय किती वेळ चालतं?” दौलतरावांनी विचारलं. हाही त्यांचा परीक्षेतला प्रश्न.

“तीस मिनिटं. ओढूनताणून चाळीस.”

त्यांनी गेलेल्या चौघांचे कागद ओळीने लावले. एकोणसत्तर. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. त्र्याऐंशी.

“हे माझे?”

“हो.”

“एरवी माझा किती असतो?”

“सत्तावीस. मी काढलाय.”

“आणि तुझा?”

“एकोणतीस.”

दोन मिनिटांनी आपण पुढे आहोत, याचं दौलतरावांना क्षणभर बरं वाटलं. माणसाचं मन अशा वेळी काय करील याचा भरवसा नाही. मग त्यांची नजर पुन्हा त्र्याऐंशीवर गेली.

“काय अडलं होतं त्या दिवशी? रक्तस्राव?”

“नाही, सर.”

“मग? टाका तुटला? नळी लहान पडली?”

“तुम्ही बोलत होता.”

दौलतरावांनी कागद खाली ठेवला.

“नागपूरच्या एका सरांनी हॉलमधून प्रश्न विचारला. तुम्ही सुई थांबवलीत आणि उत्तर दिलंत. मग दुसरा प्रश्न आला. मग तुम्ही ससूनच्या लिफ्टमध्ये अडकल्याचा किस्सा सांगितलात. हॉल फार हसला, म्हणून तुम्ही त्याचा पुढचा भागही सांगितलात. मी दोनदा म्हणाले, सर, वेळ. दुसऱ्यांदा तुम्ही माइकवर म्हणालात, ‘आमच्या मॅडमना घरी जायची घाई आहे.’ त्यालाही हसले.”

थिएटरात घड्याळ दौलतरावांच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं. कॅमेरा समोर होता.

लिफ्टचा किस्सा त्यांना शब्दन् शब्द आठवत होता. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, दोनशे माणसं एकदम हसली तेव्हा स्पीकर कसा करकरला होता, सगळं. त्यांनी पेशंटचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. हिरव्या कापडांच्या मधली उघडी चौकट आठवली. त्या चौकटीला चेहरा नव्हता.

“कोण होता?”

“ज्योतीराम. चिखलीला लेथचं छोटं वर्कशॉप होतं त्यांचं. पंचावन्न वर्षांचे. तुम्हीच बायकोला सांगितलं होतं, एवढे मोठे डॉक्टर बघायला येणार आहेत, तुमच्या मिस्टरांचं नशीब आहे.”

दौलतरावांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. “तू समोर होतीस. माझा हात का न्हाई धरलास?”

“याचं उत्तर मी तीन वर्षं शोधतेय, सर,” इंद्रायणी म्हणाल्या. “चिमटा माझ्याही हातात होता.”

दौलतराव म्हणाले, “माझं तू कर. कॅमेरा नको, हॉल नको. आणि कुणी बोलायचं न्हाई.”

“मी बोलतच नाही, सर. तुम्हीच लिहिता, संवादकौशल्य कमी.”

वर्कशॉप अपरिहार्य कारणास्तव रद्द झाल्याचं दोनशे सर्जनांना कळवण्यात आलं. पुढच्याच मंगळवारी सकाळी आठ वाजता दौलतरावांना थिएटरात नेलं. आदल्या दिवशी संमतीपत्र आलं होतं. त्यात धोक्याच्या रकान्यात एक पॉइंट दोन टक्के असं छापलेलंच होतं. ते खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने पाच पॉइंट तीन लिहिलं आणि सही केली. साक्षीदार म्हणून कुलदीपने सही केली. त्याला पेपर मागे घ्यायचं पत्र लिहायला सांगितलं होतं. त्याचे तीन मसुदे झाले होते आणि तिन्हींत ‘खेद’ हा शब्द कुठं घालावा ते त्याला समजलं नव्हतं.

दौलतराव जागे झाले तेव्हा उजेड होता. घशात नळी नव्हती म्हणजे बुधवार असावा. पोटात कुणीतरी गरम लोखंड ठेवल्यासारखं होत होतं. विमलबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे, हरवून सापडलेल्या वस्तूकडे बघावं तशा, रागाने बघत होत्या.

“किती?” दौलतरावांनी विचारलं.

“काय किती? सहा वाजलेत,” विमलबाई म्हणाल्या.

पण इंद्रायणी पायथ्याशी उभ्या होत्या, त्यांना प्रश्न कळला. “एकतीस.”

सिस्टर मोनिका वाकून कॉटच्या कडेला अडकवलेली लघवीची पिशवी बघत होत्या. “पासष्ट एमएल या तासाला. किडन्या मस्त चालल्यात, सर.”

दौलतरावांनी मान वळवली. पारदर्शक नळीतून पिवळा थेंब घरंगळत येत होता, पिशवीत पडत होता, आणि त्यामागून दुसरा. त्यांची महाधमनी त्या चौघांच्या महाधमनीइतकीच अवघड होती. ती कुठं चिमटायची, कशी शिवायची, सगळं तेच. वयही जवळपास तेच. ज्योतीराम तर सात वर्षांनी लहान. नळी तीच, टाका तोच, थिएटर तेच. त्यांना वाटत आलं होतं, की अशा केसेस जातातच. अवघडच असतात त्या. सहा दिवसांपूर्वी कागद बघूनसुद्धा मनाच्या एका कोपऱ्यात तेवढी जागा त्यांनी राखून ठेवली होती. आता ती पिशवी भरत होती.

“ती पिशवी झाका,” ते म्हणाले.

“काय, सर?”

“काही नाही.”

पाचव्या दिवशी ते खुर्चीत बसू लागले तेव्हा त्यांनी त्या चौघांच्या घरचे फोन नंबर मागवले. कुलदीप म्हणाला, आधी कायदेशीर सल्ला घेऊ या, सर. निदान कॉलेजच्या चौकशी समितीचं पत्र जाऊ द्या. दौलतराव म्हणाले, तेही कर. इंद्रायणींनी स्वतःच्या फोनवरून ज्योतीरामच्या बायकोचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू करून फोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

“हॅलो, कोण?”

“सुमनताई, मी डॉक्टर बोऱ्हाडे. पिंपरीहून.”

“अगं बाई! सर! तुमी कशाला फोन केला, आमीच येणार होतो. तुमचंबी ऑपरेशन झालं म्हणून कळलं. आमचा समर्थ सांगत होता. कसं हाय आता?”

“बरं आहे.”

“देवानं केलं. जेवण सुरू झालं का? मऊ भात खा. आमच्या यांना शेवटपर्यंत पाणीसुद्धा मोजून देत व्हते, बघा. पण तुमी लई केलं. आमी इसरलो न्हाई. सहा-सहा तास उभं राहून ऑपरेशन केलं, सगळ्या भारतातल्या डॉक्टरांनी टीव्हीवर पाह्यलं. समर्थच्या लग्नातसुद्धा मी सगळ्यांना सांगितलं, एवढा वेळ कुणी कुणासाठी देत न्हाई.”

दौलतरावांनी खुर्चीचा हात धरला. टाके ओढले गेले.

“सुमनताई, त्या वेळाबद्दलच बोलायचंय. खरं म्हंजे घरी येऊन सांगायला पायजे. पण मला अजून जिना चढू देत न्हाईत.”

“बोला की.”

ते बोलले. आयुष्यात पहिल्यांदा ते थोडक्यात बोलले. तीस मिनिटं काय असतात ते सांगितलं. त्र्याऐंशी सांगितलं. मधली त्रेपन्न मिनिटं कशात गेली तेही सांगितलं. लिफ्टचंही सांगितलं. विमलबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हे आधी ऐकलं नव्हतं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला. मग काहीच ऐकू येईना. फोनच्या पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे फोन चालू होता.

“सुमनताई?”

“हाय,” त्या म्हणाल्या. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. “हसले व्हते म्हंता? सगळे?”

“हो.”



“आन् तुमचं?” त्यांनी विचारलं. “तुमच्या ऑपरेशनला किती मिनिटं लागली?”

दौलतरावांनी इंद्रायणींकडे पाहिलं. इंद्रायणी खिडकीबाहेर बघत होत्या.

“एकतीस,” ते म्हणाले.

सुमनताईंनी फोन ठेवला नाही. दौलतरावांनीही ठेवला नाही.